सामूहिक बागेत कीटकांचं हॉटेल बांधायचंय, सल्ला हवा

मोकळी माती:

नमस्कार. आमच्या सामूहिक बागेत ३० वाफे आहेत आणि राबणारी माणसंही साधारण तेवढीच. यंदा भोपळा, दोडका, काकडी सगळ्यांना फुलं लगडली, पण फळ धरेना. मादीफुलामागची बोटभर काकडी दोन-तीन दिवसांत पिवळी पडून गळून जायची. शेवटी पाळ्या लावल्या आणि रोज सकाळी रंगाच्या ब्रशने नरफुलातले परागकण मादीफुलाला लावले, तेव्हा कुठे वेलांना फळं टिकली. तेवढ्यावरून लक्षात आलं की बागेत फुलं आहेत, पण त्यांच्यावर बसणारं कुणी नाही.

बैठकीत ठरलं की कीटकांसाठी हॉटेल बांधायचं, म्हणजे एकल (पोळं न करता एकट्या राहणाऱ्या) माश्यांना घरटी करायला नळ्या आणि भोकं असलेलं घर. डोक्यात आहे ते असं: माणसाएवढं उंच, पाच खणांचं लाकडी कपाट. मालवाहतुकीच्या जुन्या लाकडी पॅलेट मिळाल्या आहेत, त्या वापरू. खणांमध्ये बांबूचे तुकडे, भोकाच्या विटा, पेंढा, सुरूची फळं, झाडाची साल. बाहेरून मुलं रंगवतील. जागा दाराजवळच्या मोठ्या झाडाखालची, म्हणजे येता-जाता सगळ्यांना दिसेल.

भीती एकच आहे. दोन वर्षांपूर्वी एक फूटभर उंचीचं तयार घर विकत आणून टांगलं होतं. त्यात कोळी आले, मुंग्या आल्या, पुढे पाणी मुरून बांबूवर पांढरी बुरशी धरली. एकही नळी बंद झालेली, म्हणजे माशीने आत अंडी घालून तोंड बुजवलेली, कधी दिसली नाही. तेच आता मोठ्या आकारात व्हायला नको. कोणतं लाकूड, भोकं केवढी, तोंड कुठल्या दिशेला, मुलांना चावण्याची भीती किती, कुणी स्वतः बांधलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

गिरमिट:

आधी पॅलेटचं बोलू. परदेशी मालवाहतुकीच्या पॅलेटवर डागलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे, ते वापरा. 'एमबी' असेल तर मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेली आहे, ते बागेत आणूच नका. शिक्काच नसेल किंवा तेलाचा, रसायनाचा डाग असेल तरी बाजूला ठेवा. आणि चांगली पॅलेट असली तरी तिच्या फळ्या पातळ असतात, त्यात घरट्याची भोकं पाडता येत नाहीत. त्यांची चौकट आणि छप्पर करा.

भोकांसाठी जाड, पूर्ण वाळलेलं, कठीण लाकूड घ्या. चिकाचं, राळ सुटणारं नको. इथे बहुतेक जण एक चूक करतात: ओंडका आडवा कापतात आणि त्या गोल तोंडावर, जिथे वर्षवलयं दिसतात, तिथे भोकं पाडतात. दिसायला सुरेख, पण लाकूड वाळताना भेगा मधून बाहेर जातात आणि नेमक्या भोकांमधून जातात. भेगेतून ओल शिरते, बुरशी शिरते, परजीवी शिरतात. भोक नेहमी सालीच्या बाजूने, रेषांना आडवं पाडायचं.

माप: ३ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान, वेगवेगळी. माझ्या ठोकळ्यांत सर्वांत जास्त भरतात ती दोन सुताची भोकं, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपासची. १० च्या वर फारसा उपयोग नाही. खोली किमान १०, जमल्यास १५ सेंटिमीटर, त्यासाठी लांब बिट वेगळं घ्यावं लागतं. भोक आरपार जाऊ द्यायचं नाही, मागची बाजू बंदच हवी. बिट दर दोन-तीन सेंटिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर आत जळतं आणि कडा फाटतात. शेवटी तोंडाला काचकागद फिरवा. कडेला एक कूस जरी उभी राहिली तरी माशीचे पंख फाटतात, आणि ती असल्या भोकात जात नाही. बोट घालून बघा, बोटाला टोचलं तर तिलाही टोचणार.

व्हार्निश, रंग, वाळवीचं औषध काहीही लाकडाच्या दर्शनी बाजूला लावू नका. मुलांना रंगवायचंय तर छप्पर आणि मागची बाजू द्या.

वाफ्याकडे:

ही पेंढा, सुरूची फळं, विटा आणि साल भरायची पद्धत चित्रांतून आली आहे. विटांची भोकं एकल माश्यांसाठी फार मोठी असतात. सुरूच्या फळांत आणि सालीत कोळी, गोमा, झुरळं राहतात. तेही जीवच आहेत, पण तुमचा प्रश्न काकडीच्या फुलांचा आहे. पेंढा ओला झाला की शेजारचे बांबूही ओले धरतो. माझं मत स्पष्ट आहे: ते खण भरूच नका.

नोंदवही:

वरच्या दोघांशी सहमत. मी एका बागेत आठ वर्षं अशी घरं सांभाळते आहे. पहिल्या तीन वर्षांत जे चुकलं ते तुमच्याकडे होऊ नये म्हणून जरा लांब लिहिते.

तुम्ही लाकूड, भोकं, दिशा विचारलीत. एक प्रश्न राहिला: तिसऱ्या वर्षी हे साफ कोण करणार? सामूहिक बागेत पहिल्या दिवशी पंधरा माणसं हातोडी घेऊन उभी असतात. पुढे माणसं बदलतात, वाफे बदलतात आणि ते कपाट तसंच उभं राहतं. आमचंही राहिलं. साडेपाच फुटी होतं, दोनशेच्या वर नळ्या. पहिल्या वर्षी चाळीसेक भरल्या, आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या वर्षी सव्वाशे. तिसऱ्या वर्षी नळ्या बंद झालेल्या दिसत होत्या, पण त्यातून बाहेर येणाऱ्या माश्या अगदी थोड्या. मी दहा नळ्या उभ्या चिरून पाहिल्या. तीन नळ्यांमध्ये परागकणांचा पिवळा गोळा होता आणि त्यावर पिठासारखी हलणारी पूड. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, ते कोळीकिडे होते, शेकड्यांनी. दोन नळ्यांमध्ये अळ्या खडूसारख्या पांढऱ्या, कडक होऊन मेलेल्या, ती बुरशी. एकीत बारीक परजीवी गांधीलमाश्यांच्या कोषांची रांग. धड माश्या फक्त चार नळ्यांत होत्या.

त्या दिवशी मला कळलं की रानात हे असं होत नाही. तिथे एक भोक या वाळक्या फांदीत, दुसरं पन्नास पावलांवरच्या खोडात. परजीवीला शोधत फिरावं लागतं. आपण दोनशे भोकं एका भिंतीत मांडली की त्याचं काम सोपं होतं. आणि जुनं लाकूड रानात कुजून जातं, पडतं, तसं घरटंही संपतं. आपलं कपाट कुजत नाही, म्हणून रोग त्यातच साठत राहतो.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत. एका घरात वीस ते तीस नळ्या, त्यापेक्षा जास्त नाही. घरं चार-पाच, एकमेकांपासून लांब, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत. प्रत्येक घर असं की त्याचा प्रत्येक भाग सुटा करून धुता किंवा फेकता येईल. आणि प्रत्येक घराला एक माणूस, नावासकट, वहीत लिहिलेला. माणूस नसेल तर घर नाही. मला विचाराल तर हा नियम लाकडापेक्षा महत्त्वाचा आहे.

सुटं करायला सोयीची रचना म्हणजे खाचांच्या फळ्या. बोटभर जाड फळीवर एका बाजूने शेजारी-शेजारी अर्धगोल किंवा चौकोनी खाचा पाडायच्या, मागचं टोक बंद सोडायचं. अशा सात-आठ फळ्या एकावर एक रचायच्या, वरच्या फळीची सपाट पाठ खालच्या खाचांचं छत होते. सगळं पट्ट्याने किंवा लांब स्क्रूने घट्ट आवळायचं, फट राहता कामा नये. वर्षाला एकदा, सगळ्या माश्या निघून गेल्यावर, पट्टा सोडला की पुस्तकासारखं उघडतं. घासा, कडक उन्हात चार दिवस वाळवा, परत आवळा.

ते जमत नसेल तर कागदाच्या नळ्या. साधा, मेणाचा हात न लागलेला तपकिरी कागद पेन्सिलवर तीन-चार वेढे गुंडाळायचा, मागचं टोक दुमडून बंद करायचं, पेन्सिल काढून घ्यायची. जवळजवळ ७ मिलिमीटरची नळी मिळते. ती उघड्यावर ठेवू नका, परजीवी माशी पातळ कागदातून अंडी घालायची सुई खुपसते. लाकडाच्या भोकात अस्तरासारखी सरकवायची. मुलांना रंगकामापेक्षा हे काम जास्त आवडतं, आमच्याकडे एका दुपारी दीडशे नळ्या झाल्या होत्या.

मोकळी माती:

नोंदवही, हे वाचून थबकले. साफसफाईचा विचार आमच्या बैठकीत एकदाही निघाला नव्हता. एक शंका: नळी १५ सेंटिमीटरच का? आमच्या जुन्या तयार घरातल्या नळ्या फार तर ५ सेंटिमीटर होत्या.

नोंदवही:

तेच त्याचं दुखणं असणार. एकल माशीची मादी नळीच्या तळापासून सुरुवात करते. परागकण आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भिंत. पुन्हा गोळा, अंडं, भिंत. एका खोलीसाठी तिला बरेचदा पंधरा-वीस फेऱ्या माराव्या लागतात. अंडं फलित केलं तर मादी होते, न केलं तर नर, आणि कुठलं घालायचं हे ती ठरवते. तळाच्या खोल्यांत माद्या, तोंडाजवळच्या खोल्यांत नर. नर आधी बाहेर पडतात, म्हणून ते दाराशी. शिवाय पक्ष्याने किंवा परजीवीने तोंडाशी हल्ला केला तर आधी नर जातात, माद्या वाचतात.

फ्रेंच निरीक्षक ज्याँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) याने बोरूच्या आणि काचेच्या नळ्या मांडून हे पाहिलं होतं. नळी आखूड दिली की मादी जवळपास सगळी नराची अंडी घालते. म्हणजे आखूड नळ्यांचं घर भरलेलं दिसेल, पण पुढच्या पिढीत अंडी घालायला माद्याच नसतील. आणि एक मादी आयुष्यात घालून घालून वीस-तीस अंडी घालते. मधमाशीच्या राणीसारखं नाही ते. म्हणून प्रत्येक नळीला किंमत आहे.

वेळूबन:

बांबूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तुम्ही तो वापरणारच.

पेर असं कापायचं की गाठ मागच्या टोकाला राहील. गाठ हीच मागची भिंत. पुढच्या टोकाला गाठीपासून लांब, बारीक दातांच्या करवतीने, बांबू फिरवत फिरवत कापायचं. एका बाजूने दाबून कापलं की शेवटचा तंतू फाटून आत कूस राहते. आतला पांढरा पापुद्रा सळईने खरवडून काढा. पोकळी १० मिलिमीटरच्या आतली निवडा. माणसं हाताला येईल तो जाड बांबू भरतात, त्यात पाली आणि कोळी राहायला येतात.

बांबूला भुंगेरा लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी. ओला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या किंवा रोज बदललेल्या पाण्यात बुडवून ठेवला की पिष्ट बरंच निघून जातं. मग सावलीत उभा करून पूर्ण वाळवायचा. टिकाऊपणासाठी औषध लावलेला बांबू मात्र या कामाला नको.

नळ्या रचताना सगळी तोंडं एका रेषेत घेऊ नका. काही बोटभर पुढे, काही मागे. माशी घर ओळखते ते आजूबाजूच्या खुणांवरून, सगळं सपाट एकसारखं असलं की ती दोन-तीन तोंडांत शिरून चाचपडते. बाहेर आलेल्या नळ्या छपराखालीच राहतील एवढं पाहा.

चिऊताई:

धागा आवडला. माझा प्रश्न पालक म्हणून आहे. आमच्या बागेत चार-पाच वर्षांची मुलं असतात. माश्यांना मुद्दाम बोलावायचं म्हणजे धोका नाही का?

नोंदवही:

रास्त प्रश्न. पोळ्याच्या माश्या चावतात कारण त्यांना पोळं राखायचं असतं. नळीत राहणाऱ्या माश्या एकट्या असतात, राखायला मध नाही, राणी नाही, पहारेकरी नाहीत. मादीला नांगी असते, पण ती चिमटीत पकडली, कपड्यात अडकली तरच वापरते. नरांना नांगीच नसते. आमची मुलं वीतभर अंतरावर बसून बघतात, आठ वर्षांत एकालाही चावलेली नाही.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. छपराच्या खालच्या बाजूला कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या वस्ती करू शकतात, आणि त्या आपलं पोळं राखतात. आठवड्यातून एकदा छपराखाली वाकून बघा. पोळं नखाएवढं असतानाच कळलं तर पुढचा त्रास टळतो. ज्या मुलाला दंशाची ऍलर्जी आहे, त्याचा वाफा घरापासून लांब ठेवा.

दोन वीत जमीन:

सगळे नळ्यांवर बोलताहेत, म्हणून जमिनीची बाजू मांडते. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य, साधारण ७० टक्के, जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना तुमचं हॉटेल कितीही सुंदर असलं तरी उपयोगाचं नाही. त्यांना हवी उघडी जमीन: उतरती, पाणी न साचणारी, ऊन येणारी, आणि आच्छादन न घातलेली. आपण बागकाम करणारे उघडी माती दिसली की पालापाचोळा पसरतो. कोरड्या कोपऱ्यात एक-दोन चौरस मीटर जागा तशीच सोडा, खणू नका, तुडवू नका. मातीत थोडी वाळू असेल तर उत्तम.

तुमच्या भोपळा-काकडीला कदाचित याचाच जास्त उपयोग होईल. टोमॅटो आणि वांग्याचंही तसंच आहे. त्यांच्या परागकोशांना टोकाला बारीक छिद्र असतं, आतले परागकण गुंजारवाच्या थरथरीने चांगले मोकळे होतात. पोळ्यातली मधमाशी ते करत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या करतात, आणि त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीतच राहतात.

भुंग्यासाठी जाड वाळका ओंडका उभा रोवून ठेवा, भोक न पाडता. तो आपलं भोक आपण कोरतो. आणि छाटणी करताना गर असलेल्या काड्या, म्हणजे गुलाबासारख्या, गुडघाभर उंचीवर कापून तशाच उभ्या सोडा. तुटलेल्या टोकातून आतला मऊ गर कोरून राहणाऱ्या छोट्या काळ्या-निळ्या माश्या आहेत, त्यांना बांबू नको असतो. याला ना खर्च, ना सुतारकाम.

मोठी चौकट:

मी जरा वेगळं म्हणतो. तुम्ही सगळे मिळून त्यांचं मोठं कपाट मोडीत काढताय. पण सामूहिक बाग म्हणजे माणसंही आली. आमच्याकडे असं मोठं हॉटेल दारात उभं राहिल्यावर लोक थांबून विचारू लागले, औषध फवारणारे तीन जण थांबले. कोपऱ्यात लपलेल्या वीस नळ्यांनी हे झालं असतं का?

नोंदवही:

फवारणी थांबली हे फार मोठं काम आहे, ते मी कमी लेखत नाही. फवारणी चालू असेल तर कुठलंच घर उपयोगाचं नाही. पण कीटकांच्या बाजूने काय घडतं तेही पाहायला हवं. टोरांटो शहरात सुमारे ६०० घरं तीन वर्षं निरखली गेली, त्याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंदल्या गेलेल्या मधमाश्यांपैकी जवळपास निम्म्या बाहेरच्या देशांतून आलेल्या जातींच्या होत्या, आणि दरवर्षी जवळपास तीन चतुर्थांश घरांमध्ये गांधीलमाश्यांच्या जाती राहत होत्या. म्हणजे घर बांधलं की आपल्याला हव्या त्या माश्यांचं भलं होतंच असं धरून चालता येत नाही. बांधायचं, आणि कोण येतं ते लिहून ठेवायचं.

दारात मोठी चौकट ठेवाच, पण तिच्यात नळ्या नकोत. एक चिरलेली जुनी नळी काचेआड लावा, आतल्या खोल्या दिसू द्या, शेजारी चित्रं आणि माहिती. थांबून विचारणारा माणूस तिथे थांबेल. माश्यांची घरं मागे शांत राहतील.

मोठी चौकट:

हे पटलं. काचेआडच्या नळीची कल्पना आम्हीही करू.

गिरमिट:

जागेचं राहिलं होतं. झाडाखाली नको, सावलीत माश्या येत नाहीत, आणि पानांवरून पाणी ठिबकत राहतं. सकाळचं ऊन तोंडावर पडेल अशी जागा हवी, म्हणजे पूर्वेकडे किंवा त्याच्या जवळपास तोंड. दुपारचं ऊन फार कडक असेल तर त्या वेळी सावली आली तर बरं. जमिनीपासून मीटर-दीड मीटर उंच, पक्क्या खांबाला किंवा भिंतीला घट्ट ठोकलेलं. दोरीला टांगलेलं घर झुलतं, परागकणांचं ओझं घेऊन आलेल्या माशीला त्यात उतरता येत नाही. छप्पर पुढे निदान चार बोटं आलेलं. तोंडासमोर झाडोरा नको, उडायला वाट मोकळी हवी.

पक्षी टोचत असतील तर पुढे जाळी लावा, पण तोंडांना चिकटून नाही, वीतभर पुढे. मुंग्यांसाठी खांबाला चिकट पट्टा.

वेळूबन:

आणि चिखल! जवळपास ओली चिकणमाती नसेल तर मातीने दारं लिंपणाऱ्या माश्या येऊन परत जातात. उथळ ताटलीत चिकणमाती कालवून सावलीत ठेवा, कोरडी पडू देऊ नका. आणि फुलं दूर नकोत. छोट्या एकल माश्या घरट्यापासून दीडशे ते सहाशे मीटरच्या आतच फिरतात.

मोकळी माती:

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठकीत हा धागा वाचून दाखवला. पाच खणी कपाट रद्द. आता चार छोटी घरं: दोन खाचांच्या फळ्यांची, दोन बांबूची, प्रत्येकात पंचवीस नळ्या. चारही घरांसमोर वहीत नावं लिहिली, आणि एक नाव गेलं तर दुसरं येईपर्यंत ते घर उतरवायचं असं ठरलं. पश्चिमेच्या कुंपणाशी दोन मीटर जमीन उघडी सोडली आहे, तिथे दगडांची सीमा केली. पॅलेटवर 'एचटी' निघालं, त्याची छपरं होतील. बांबू भिजत घातलाय.

मोकळी माती:

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. पूर्वेकडच्या घरात नऊ नळ्या बंद झाल्या! पण बागेत वाद लागला आहे. पाच नळ्या हिरव्या पानांच्या चकत्यांनी बंद आहेत, त्यावर सगळे खूश. मात्र तीन नळ्यांवर मातीचं झाकण आहे आणि तिथे काळी-पिवळी, बारीक कमरेची माशी येते. तिला एक हिरवी अळी पोटाखाली धरून आत नेताना मी स्वतः पाहिलं. काही जणांचं म्हणणं, ही गांधीलमाशी आहे, माती खरवडून काढा. नववी नळी तर वेगळीच, तोंडातून वाळक्या गवताच्या काड्यांचा झुपका बाहेर आलाय, कुणी मुद्दाम कोंबल्यासारखा.

नोंदवही:

खरवडू नका, कृपया. अळ्या नेणारी ती कुंभारणीच्या, म्हणजे मातीकाम करणाऱ्या गांधीलमाशीच्या कुळातली, एकटी राहणारी. ती अळीला नांगी मारून बधिर करते, मारत नाही, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. एका खोलीत अशा बऱ्याच अळ्या भरते. तुमच्या कोबीची, भेंडीची पानं खाणाऱ्या अळ्या तिने उचलल्या असतील. तिला पोळं नाही, ती अंगावर येत नाही. गवताचा झुपका करणारीही एकल गांधीलमाशीच, ती नाकतोडे आणि रातकिडे साठवते.

दारावरून रहिवासी ओळखायला शिका, वहीत तसं लिहा. पानांची चकती: पानं कापणारी माशी. माती: कुंभारणी किंवा माती लिंपणाऱ्या मधमाश्या. पिवळसर चकाकणारी राळ: राळमाशी. पांढरा कापसासारखा लोकरी बोळा: झाडावरची लव गोळा करणारी माशी. दाराशी हिरवी-निळी, धातूसारखी झळाळणारी माशी घुटमळताना दिसली तर ती दुसऱ्याच्या घरात अंडं घालायला आलेली आहे. थोड्या असल्या तर असू द्या, तिच्यावाचून हे जग पुरं होत नाही. पण दर वर्षी वाढत असतील तर घरं आणखी लांब लांब न्या.

दोन वीत जमीन:

पानं कापणारी माशी कापताना बघितलीत का? गुलाबाच्या पानाच्या काठावर बसते, मागचे पाय घट्ट रोवते आणि स्वतःच कंपासासारखी गोल फिरत कापत जाते. पाच-सात सेकंद. तुकडा सुटायच्या आत तिचे पंख फडफडू लागलेले असतात, म्हणून ती पडत नाही, तुकडा पोटाखाली गुंडाळून सरळ उडते. भिंतीसाठी लांबट तुकडे आणि झाकणासाठी अगदी गोल, न मोजता. परागकण ती पायांवर नाही, पोटाच्या खालच्या केसांवर आणते. घरी परतताना तिचं पोट पिवळंधमक दिसतं, त्यावरून लगेच ओळखू येते. गुलाब लावणारे तक्रार करतील, त्यांना सांगा की झाडाचं काही बिघडत नाही.

मोकळी माती:

बघितली! सकाळी साडेनऊला, पंधरा मिनिटं हललेच नाही. मातीची झाकणं तशीच ठेवायचं ठरलं.

शेवटचे दोन प्रश्न. बंद नळ्या कधी उघडायच्या? आणि एक नळी चार दिवसांपासून अर्धी भरलेली, झाकण नाही. मादी मेली असेल का?

नोंदवही:

बंद नळी आपण उघडायचीच नाही. थंड प्रदेशात एक पिढी पूर्ण वर्ष घेते, उबदार हवेत काही आठवड्यांतही बाहेर येतात, म्हणून तारखेवरून ठरवता येत नाही. प्रत्येक नळीशेजारी पेन्सिलने बंद झाल्याची तारीख लिहा, भोक पडून उघडली की तीही. ज्या नळ्यांची दारं फुटली त्या बदला. घर पूर्ण बदलायचं असेल आणि काही नळ्या अजून बंद असतील तर ते सगळं एका अंधाऱ्या खोक्यात ठेवायचं, खोक्याला उजेडाच्या बाजूला बोटाएवढं एकच भोक, आणि खोकं नव्या घराच्या जवळच. माश्या उजेडाकडे बाहेर पडतात, पण जुन्या अंधारात परत जात नाहीत, नव्या नळ्या घेतात.

अर्ध्या नळीचं म्हणाल तर ढगाळ हवेत, पावसात काम थांबतं, चार दिवस म्हणजे काही नाही. हात लावू नका. रात्री लाल कागद गुंडाळलेली टॉर्च घेऊन हळूच डोकवा. मादी असेल तर नळीतच झोपलेली दिसेल.

मोकळी माती:

आत्ताच बघून आले. आहे. तोंड आत, शेपटाकडची बाजू दाराशी, पोटावर अजून थोडी पिवळी पूड. वहीत लिहिलं: घर क्रमांक २, नळी १४, रात्री पावणेनऊ, मुक्कामाला.